नेटवर्क प्रोटोकॉल स्वतः लिहायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कोरा_कागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

चार वर्षं पुण्यात बॅकएंडचं काम करतोय. रोज एचटीटीपी वापरतो, पण त्याच्या खाली काय चालतं ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नेटवर्कचे सात थर क्रमाने म्हणून दाखवेन, पण त्यातल्या एकाही थराची एक ओळसुद्धा कधी लिहिलेली नाही. हे फार दिवस टोचतंय.

मागच्या महिन्यात दोन मशीनमध्ये निरोप पाठवणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. टीसीपी सॉकेट उघडलं, इकडून शंभर निरोप पाठवले, तिकडे वाचले. माझ्याच लॅपटॉपवर दोन्ही बाजू चालवल्या तेव्हा सगळं ठीक. मित्राच्या घरी वायफायवर लावलं तर निरोप एकमेकांना चिकटून यायला लागले. 'नमस्कारकसा आहेस' एकाच वाचनात, आणि पुढच्या वाचनात अर्धा शब्द. कधी तर मराठी अक्षरच मधोमध तुटायचं आणि प्रोग्रॅम डीकोडिंगच्या चुकीवर बंद पडायचा. टीसीपी भरवशाचं असतं असं शिकलो होतो, मग हे कसं झालं?

विचारायचं असं की, आधी एखादा जुना प्रोटोकॉल जसाच्या तसा लिहावा, की स्वतःचा रचायला घ्यावा? भाषा कोणती घेऊ? आणि आपण लिहिलेलं बरोबर आहे हे कळणार कसं?

रानजाई

टीसीपीने शब्द पाळलाय. एकही बाइट गाळायचा नाही आणि क्रम मोडायचा नाही, एवढंच त्याचं वचन. निरोप कुठे संपतो हे त्याला ठाऊकच नसतं. त्याच्या दृष्टीने तो नळातून येणाऱ्या पाण्यासारखा बाइटांचा प्रवाह. तुम्ही शंभर तांबे ओतलेत म्हणून पलीकडे शंभर तांबे निघतील असं नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) तीन बाइट घेतं, त्यामुळे वाचन बरोबर चिन्हाच्या मध्येच थांबणं अगदी शक्य आहे.

उपाय: प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी चार बाइटांत पाठवा. पलीकडे आधी चार बाइट पुरे होईपर्यंत वाचा, मग तेवढी लांबी पुरी होईपर्यंत वाचा, आणि तोवर डीकोड करू नका. हे केलंत की तुम्ही पहिला प्रोटोकॉल लिहिलात.

त्यानंतर आरएफसी ७६८ वाचा. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले जाहीर दस्तऐवज. हा ऑगस्ट १९८० चा, यूडीपीचा (पोचेची हमी न देता सुटी पॅकेटं पाठवणारा प्रोटोकॉल), फक्त तीन पानं. हेडर आठ बाइटांचं: कुठल्या पोर्टवरून, कुठल्या पोर्टवर, लांबी आणि चेकसम (मजकूर वाटेत बिघडला का ते पडताळायचा आकडा), प्रत्येकी दोन बाइट. तीन पानांत एवढं नेमकं लिहिता येतं हे बघूनच हुरूप येतो.

मग आरएफसी १३५० म्हणजे टीएफटीपी घ्या. फाइल पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल, यूडीपीवर चालतो. पॅकेटचे प्रकार पाचच: वाचायची विनंती, लिहायची विनंती, माहिती, पोच आणि चूक. ५१२ बाइटांचा एक खंड पाठवायचा, त्याची पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. दोन शनिवार-रविवारांत होतो. आणि पलीकडे बोलायला तयार सर्व्हर मिळतात, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

तिसरा_प्रहर

मी वेगळं मत मांडतो. आज स्वतःचा प्रोटोकॉल रचायची वेळ किती जणांवर येते? एचटीटीपी आहे, वेबसॉकेट आहे, छोट्या उपकरणांसाठी एमक्यूटीटी आहे. त्यामागे वर्षानुवर्षांची चाचणी आहे. माझ्या आधीच्या कंपनीत एकाने हौसेने स्वतःचा प्रोटोकॉल लिहिला. तो सोडून गेल्यावर त्यात बदल करायची कोणाची हिंमत होईना, कारण कागदावर एक ओळ नव्हती. शिकायला जरूर लिहा, पण कामाच्या ठिकाणी घुसवू नका.

द्राक्षवाला

तिसरा_प्रहर, कागदावर काही नव्हतं ही तक्रार शंभर टक्के पटली. पण वेळ येत नाही हे पटलं नाही. माझ्यावर आली.

नाशिकजवळ आमच्या गटाच्या चौदा शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या रेडिओवर जोडल्या आहेत. विहिरींकडे मोबाइलची रेंज धड नाही, म्हणून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. लांबचा पल्ला हवा असेल तर लोराचा वेग इतका उतरतो की वीस बाइट हवेत जायला सेकंदाहून जास्त लागतो. सुरुवातीला मी जेसन (नावासकट माहिती लिहायची मजकुराची पद्धत) पाठवत होतो. 'मोटार', 'स्थिती', 'दाब' ही नावं दर खेपेला हवेतून जायची आणि त्यातच वेळ संपायचा. आता सगळा निरोप अकरा बाइटांत बसतो. तयार वस्तू घेऊन हे झालं नसतं.

दोन चुका सांगतो, नवीन माणसाला उपयोगी पडतील.

पहिली चूक. मी आज्ञा ठेवली होती 'बदल': मोटार चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एकदा आज्ञा पोचली, मोटार सुरू झाली, पण पोच परत येताना हरवली. माझ्या प्रोग्रॅमने मुकाट्याने आज्ञा पुन्हा पाठवली आणि मोटार बंद. सकाळी गेलो तर बाग कोरडी. त्या दिवसापासून आज्ञा दोनच: 'चालू ठेव' आणि 'बंद ठेव'. दहा वेळा पोचली तरी परिणाम तोच.

दुसरी चूक कळायला महिना गेला. शेतीची थ्री-फेज लाईट रात्री येते. लाईट आली की मोटारींवरचे चौदाही रेडिओ-डबे एकाच क्षणी जागे व्हायचे, एकाच क्षणी 'मी आलो' म्हणायचे, आणि हवेत सगळ्यांचा गोंधळ. पोच नाही म्हणून सगळे बरोबर पाच सेकंदांनी पुन्हा बोलायचे आणि पुन्हा तोच गोंधळ. तासतासभर एकही निरोप धड पोचायचा नाही. आता प्रत्येक डबा शून्य ते साठ सेकंदांतली कुठलीही वेळ सोडत काढल्यासारखी निवडतो, आणि प्रत्येक अपयशानंतर ती मुदत दुप्पट करतो.

रानजाई

द्राक्षवालादादा, दुसऱ्या चुकीला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं. बेटाबेटांवरची टर्मिनलं एकाच रेडिओ पट्ट्यावर, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, टक्कर झाली तर थोडा वेळ थांबून पुन्हा. थांबायचं किती, तर यादृच्छिक. गणित असं निघतं की अशा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच सत्कारणी लागतो. ठरावीक क्षणांनाच बोलायची शिस्त लावली तर दुप्पट, ३६.८ टक्के. तुमच्या चौदा मोटारींचंही हेच गणित मांडून बघा, पुढच्या वर्षी किती डबे वाढवता येतील ते कळेल.

मोडी

अवांतर: प्रोटोकॉलला मराठीत काय म्हणावं? मंत्रालयात राजशिष्टाचार विभाग असतो, त्या अर्थी 'शिष्टाचार' हा शब्द आहेच. पण इथे 'संकेत' जास्त जवळचा वाटतो, कारण संकेत म्हणजे दोघांनी आधी ठरवून ठेवलेलं. आणि रानजाई व द्राक्षवाला दोघांनीही सहज 'पोच' लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. आजोबांच्या पत्राच्या शेवटी 'पत्राची पोच द्यावी' असायचंच.

सिग्नल_डाऊन

मोडी, तुमच्या पोचेवरून वडिलांची आठवण आली.

वडील मध्य रेल्वेच्या एकेरी मार्गावरच्या एका लहान स्टेशनात स्टेशनमास्तर होते. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ, म्हणजे एका वेळी एकच गाडी. गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला फोन करून लाईन क्लिअर मागायचं. पुढचा मास्तर रूळ मोकळा असल्याची खात्री करून होकार द्यायचा, आणि होकारासोबत एक दोन अंकी प्रायव्हेट नंबर. नंबरांचा छापील तक्ता त्याच्याकडे असायचा, आकडे उलटसुलट. दिलेला नंबर तक्त्यावर खोडायचा. वडील तो ऐकून पुन्हा म्हणून दाखवायचे आणि रजिस्टरात लिहायचे. नंबराशिवाय गाडी हलायची नाही.

लहानपणी मला वाटायचं, नुसतं 'हो' म्हटलं तर काय बिघडतं? वडील म्हणाले, "अगं, फोनवर खरखर असते. मी 'हो' ऐकलं ते आत्ताच्या गाडीसाठी की मघाच्या, ते कशावरून? आकडा ऐकू आला म्हणजे त्याने खरंच आत्ता, शुद्धीवर असताना, याच गाडीसाठी हो म्हटलंय."

पुढे कॉलेजात टीसीपीचं जोडणी सुरू करतानाचं तीन टप्प्यांचं हस्तांदोलन शिकले. त्यात बाइटांच्या मोजणीचा सुरुवातीचा क्रमांक शून्य का नसतो, असं सरांनी विचारलं. वर्गात मीच हात वर केला.

कोरा_कागद

सिग्नल_डाऊनताई, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे टीसीपीचा सुरुवातीचा क्रमांक हा त्या तक्त्यावरचा नंबर?

घाटमाथा

बरंचसं तसंच. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये तो क्रमांक एका घड्याळावरून घ्यायला सांगितलं होतं. ३२ बिटांचा आकडा, साधारण दर चार मायक्रोसेकंदांनी एकाने वाढणारा. हेतू हाच की आधीच्या, तुटलेल्या जोडणीचं रस्त्यात रेंगाळलेलं पॅकेट नव्या जोडणीत घुसू नये. मघाची गाडी आणि आत्ताची गाडी. पुढे असं दिसलं की घड्याळाचा आकडा तिऱ्हाइताला अंदाजाने ओळखता येतो आणि तो मधेच खोटं पॅकेट घुसवू शकतो, म्हणून आता क्रमांक अंदाज न येणारा काढतात. रेल्वेच्या तक्त्यावर आकडे उलटसुलट होते ते किती शहाणपणाचं, बघा.

मी या क्षेत्रात आलो तेव्हा मुंबईत इंटरनेट म्हणजे जुहूचं एनसीएसटी (सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र) आणि पवईचं आयआयटी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या, शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पातल्या पहिल्या संस्थांपैकी या दोन. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. आम्ही प्रोटोकॉल शिकलो ते आरएफसीच्या छापील प्रती हातोहात फिरवून. आता त्या सगळ्या फुकट, घरबसल्या वाचता येतात, आणि तरी फार थोडे जण उघडतात याचं वाईट वाटतं.

कोरा_कागद, तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण टीएफटीपी लिहाल तेव्हा एक प्रश्न येणारच: पोचेची वाट किती पाहायची?

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर साधारण ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. रांगा वाढल्यामुळे पोच उशिरा येत होती. पाठवणाऱ्यांना वाटलं पॅकेट हरवलं, त्यांनी पुन्हा पाठवलं, त्याने रांगा आणखी वाढल्या. प्रत्येकजण आपल्यापुरता नियमाने वागत होता, आणि सगळ्यांच्या मिळून वागण्याने रस्ता बुजला.

व्हॅन जेकबसन यांनी यावर काम करून १९८८ मध्ये निबंध लिहिला. वाट किती पाहायची हे त्यांनी मोजमापावर आणलं. जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेची सरासरी ठेवायची, नव्या मोजमापाला एक अष्टमांश वजन. त्याबरोबर चढउतार किती होतो तेही मोजायचं. मुदत म्हणजे सरासरी अधिक चढउताराची ठरावीक पट, आता चौपट धरतात. आणि सुरुवात सावकाश करायची, पोचा येत जातील तसा वेग वाढवायचा, पॅकेट हरवलं की आपण होऊन मागे सरायचं. आज तुमचा फोन व्हिडिओ दाखवतो तेव्हा याच विचाराची पुढची रूपं काम करत असतात.

त्यातली एक खोच: पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची पोच आली तर तिच्यावरून वेळ मोजू नका. पोच पहिल्या प्रतीची की दुसऱ्या, हे कळत नाही. याला कार्न यांची रीत म्हणतात. मी स्वतः हे वाचलेलं असूनही विसरलो होतो आणि दोन आठवडे मुदत का भरकटते ते शोधत बसलो होतो.

तिसरा_प्रहर

घाटमाथा, उत्तम प्रतिसाद. थोडं मागे सरतो. मोटारीचा किस्सा वाचल्यावर लक्षात आलं की मी लिहितो त्या एचटीटीपी सेवांमध्येही हाच प्रश्न आहे. पैसे वळते करायची विनंती गेली, उत्तर आलं नाही, आता पुन्हा पाठवायची की नाही? यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो तो यासाठीच उपयोगी पडतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर तो नवा व्यवहार नाही हे समजतं. म्हणजे आपण सगळे प्रोटोकॉल रचतच असतो, फक्त त्याला तसं म्हणत नाही.

अबोली_गोवा

मी फोंड्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे दोन प्रश्न. एक, घरातल्या घरात पॅकेट हरवतच नाहीत, मग सराव कसा करायचा? दोन, पोच हरवते म्हणून पोचेची पोच द्यायची, मग तिचीही पोच, हे संपतं कुठे?

रानजाई

अबोली, दुसरा प्रश्न तुला स्वतःहून पडला याचं कौतुक वाटलं. तो संपतच नाही, आणि संपत नाही हे सिद्ध झालंय. दोन डोंगरांवर दोन तुकड्या, मध्ये शत्रूची दरी, जासूद पकडला जाऊ शकतो. दोघांनी एकाच वेळी चढाई करायचं पक्कं ठरवायचंय. कितीही जासूद पाठवले तरी शेवटच्या जासुदाला पाठवणाऱ्याला तो पोचला की नाही ते कळत नाही. म्हणून प्रोटोकॉल रचताना आपण पूर्ण खात्रीचा हट्ट सोडतो आणि विचारतो: अंधारात राहिलेल्या बाजूने काय केलं तर नुकसान कमीत कमी? टीसीपी जोडणी बंद करताना एक बाजू टाइम-वेट या अवस्थेत थांबून राहते ती याचसाठी. शेवटची पोच हरवली आणि पलीकडून पुन्हा विचारणा आली, तर उत्तर द्यायला कोणीतरी हवं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. लिनक्सवर टीसी नावाची आज्ञा असते, तिच्यात नेटेम हा भाग आहे. लूपबॅकवरसुद्धा (मशीन स्वतःशीच बोलते ती वाट) पाच टक्के पॅकेट गाळ, शंभर मिलिसेकंद उशीर कर, काहींचा क्रम उलटव, काहींच्या दोन प्रती पाठव, असं सगळं सांगता येतं. शेजारी वायरशार्क हा पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम उघडा ठेव आणि प्रत्येक पॅकेट डोळ्यांनी बघ. आणि कोड लिहायच्या आधी अवस्थांचं चित्र कागदावर काढ. टीसीपीच्या अकरा अवस्था आहेत. प्रत्येक अवस्थेत प्रत्येक प्रकारचं पॅकेट आलं तर काय करायचं, याचा तक्ता भर. रिकामा राहिलेला चौकोन म्हणजे पुढे सापडणारी चूक.

भाषेचं कोणी बोललंच नाही. पायथन पुरे. बाइटांचा क्रम मात्र पहिल्या दिवशी समजून घ्या: तारेवर मोठा बाइट आधी, आणि आपल्या बहुतेक संगणकांच्या पोटात लहान बाइट आधी.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितोय. माझं काम क्विक या नव्या वाहतूक प्रोटोकॉलशी संबंधित आहे, म्हणून एका वेगळ्या बाजूबद्दल. घाटमाथांच्या काळात प्रोटोकॉल दोन टोकांमधला करार होता. आता मध्ये फायरवॉल, नॅट (अनेक उपकरणांना एकच पत्ता वापरू देणारं), नाना डबे बसलेत आणि ते आत डोकावतात. जोडणी गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसची १.३ आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली, पण त्याच्या पहिल्या निरोपातल्या जुन्या आवृत्तीच्या जागी अजूनही १.२ चाच आकडा लिहितात. खरी आवृत्ती एका जोडपत्रात. कारण नवा आकडा दिसला की मधले डबे आणि जुने सर्व्हर जोडणी तोडायचे. क्विक (आरएफसी ९०००, मे २०२१) नवा वाहतूक प्रोटोकॉल असूनही यूडीपीच्या पोटात बसून जातो तेही यामुळेच, आणि पोच, क्रमांक यांसह त्यातलं जवळजवळ सगळं झाकलेलं असतं. जे दिसतं त्यावर कोणीतरी विसंबतं आणि मग ते बदलता येत नाही.

म्हणून रचना करताना आवृत्तीचा आकडा पहिल्याच बाइटात ठेवा. आणि अनोळखी आवृत्ती आली तर काय करायचं, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

शिवाय आरएफसींचे संपादक जॉन पोस्टेल यांचं जुनं सूत्र, 'पाठवताना काटेकोर, घेताना उदार', मला आता घातक वाटतं. तुम्ही चुकीचं पॅकेट उदारपणे घेतलंत की चुकणाऱ्याला आपली चूक कळतच नाही. दहा वर्षांनी ती चूकच नियम होऊन बसते.

घाटमाथा

हडसनकाठी, इथे असहमत आहे. त्या उदारपणाशिवाय १९८० च्या दशकात नेटवर्क उभंच राहिलं नसतं. वेगवेगळ्या विद्यापीठांतले लोक मोघम मजकुरावरून लिहीत होते. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, जुन्या एनसीपी प्रोटोकॉलवरून टीसीपी/आयपीवर गेलं, तेव्हा बारीकसारीक फरकांवर जोडण्या तोडल्या असत्या तर बोलणार कोण कोणाशी? उदार म्हणजे आंधळं नव्हे. अर्थ स्पष्ट असेल तर घ्या, नोंद करा, पाठवणाऱ्याला कळवा.

हडसनकाठी

'नोंद करा, कळवा' हे सोबत असेल तर माझी हरकत नाही. प्रत्यक्षात कळवायचं राहून जातं, हा माझा अनुभव. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये या विषयाची सविस्तर चर्चा आहे, दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखी.

अबोली_गोवा

+१ दोघांनाही :-) आणि मोटारीच्या आज्ञा कोणी तिऱ्हाइताने पाठवल्या तर? मी गुप्त लेखनाची एखादी सोपी पद्धत स्वतः लिहू का?

हडसनकाठी

नको. शिकण्यासाठी घरात हवं तेवढं कर, पण खऱ्या मोटारीला लावू नकोस. तिथे तपासलेली लायब्ररी घे. यूडीपीवर डीटीएलएस (टीएलएसचंच यूडीपीसाठीचं रूप) आहे. अकरा बाइटांच्या रेडिओवर ते जड पडेल, तिथे आधी वाटून ठेवलेली किल्ली, प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक आणि प्रमाणित पद्धतीची छोटी सही एवढं तरी हवंच. क्रमांक नसेल तर कालची 'चालू ठेव' आज कोणीही जशीच्या तशी पुन्हा वाजवू शकतो.

द्राक्षवाला

क्रमांक आहे, सही नाही. या आठवड्यात बसतो त्यावर. धन्यवाद.

कोरा_कागद

तीन आठवड्यांनी परत आलोय. टीएफटीपी लिहून झालं, आणि तयार सर्व्हरशी बोलतं!

काय काय घडलं ते सांगतो. पहिल्या दिवशी उत्तरच स्वीकारलं जाईना. मी पोर्ट ६९ वर विनंती पाठवायचो आणि ६९ वरूनच उत्तर येईल असं धरून बसलो होतो. सर्व्हर दर वेळी नवा पोर्ट उघडून तिथून बोलतो. आरएफसीत लिहिलं होतं, मी घाईत वाचलं होतं.

मग नेटेमने उशीर वाढवला आणि वायरशार्कमध्ये विचित्र दृश्य दिसलं. फाइल बरोबर पोचली, पण एका ठिकाणापासून शेवटपर्यंत प्रत्येक खंड दोनदा गेला होता. रात्री दोनपर्यंत कागदावर बाण काढले. एक पोच उशिरा आली, माझी मुदत संपली, मी खंड पुन्हा पाठवला. पलीकडून त्याचीही पोच आली. मी प्रत्येक पोचेला उत्तर म्हणून खंड पाठवत होतो, त्यामुळे दोन पोचा म्हणजे पुढचा खंड दोनदा, त्याच्या पुन्हा दोन पोचा, आणि ही जोडी शेवटपर्यंत सुटलीच नाही. मूळ टीएफटीपीतच ही चूक होती आणि आरएफसी १३५० मध्ये तिचा उपाय दिलाय: तीच पोच दुसऱ्यांदा आली तर गप्प बसा, पुन्हा पाठवायचं ते फक्त मुदत संपल्यावर. ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं. बाण काढल्यावर कळलं.

तिसरी गंमत: ५१२ पेक्षा लहान खंड आला की फाइल संपली, असा नियम. एक फाइल नेमकी १०२४ बाइटांची निघाली आणि घेणारा वाटच बघत बसला. शेवटी शून्य बाइटांचा खंड पाठवावा लागतो.

आता पुढचं. द्राक्षवालादादांशी बोलून मोटारींसाठीच्या संकेताचा दोन पानी मराठी मसुदा लिहिलाय. बाइट ० आवृत्ती, १ प्रकार, २ आणि ३ क्रमांक, ४ आणि ५ लांबी, मग मजकूर आणि सही. सध्या सराव यूडीपीवर. फक्त मसुदा वाचून, मला काहीही न विचारता, कोणी दुसरी बाजू लिहाल का?

घाटमाथा

उत्तम पाऊल. १९८७ ची आरएफसी १०२५ वाचा. पोस्टेल यांनी टीसीपी लिहिणाऱ्यांच्या एकत्र चाचणीसाठी गुणतक्ता दिलाय. स्वतःशी बोलता आलं तर थोडे गुण, दुसऱ्याने लिहिलेल्याशी बोलता आलं तर जास्त, आणि हेडरातले सगळे झेंडे (चालू-बंद खुणांचे बिट) उभारलेलं विचित्र पॅकेट नीट हाताळलं तर वेगळे.

अबोली_गोवा

मी लिहिते, गो भाषेत. परीक्षा शुक्रवारी संपते.

अबोली_गोवा

झालं, पण जुळलं नाही. माझं प्रत्येक पॅकेट कोरा_कागददादांचा प्रोग्रॅम टाकून देतोय आणि त्यांचं पॅकेट मला सहा बाइटांनी तुटकं वाटतंय. मसुद्यात 'लांबी: पॅकेटची लांबी' एवढंच आहे. मी हेडर धरून मोजलं.

दुसरं, क्रमांक ६५५३५ (दोन बाइटांत मावणारा सर्वात मोठा आकडा) नंतर काय ते कुठेच नाही. मी शून्यावर नेला, तर त्यांचा प्रोग्रॅम सगळे निरोप जुने समजून गाळायला लागला.

कोरा_कागद

माझ्या मनात हेडर सोडून लांबी होती. लिहिताना दुसरा अर्थ निघेल हे सुचलंच नाही. वाक्य बदललंय: 'लांबी: बाइट ६ पासून मजकुराच्या शेवटापर्यंतच्या बाइटांची संख्या, हेडर आणि सही सोडून, मोठा बाइट आधी.'

क्रमांकाचं पटकन सुटणार नाही. शून्यावर नेला तर हडसनकाठींनी सांगितलेला धोका परत येतो, कालची आज्ञा पुन्हा वाजवता येते. चार बाइटांचा करावा असं वाटतंय. द्राक्षवालादादा, रेडिओवर दोन बाइट वाढलेले परवडतील का?

द्राक्षवाला

दाब एका बाइटात बसवता येईल, दशांश नकोच आहे मला. म्हणजे वाढीव एकच बाइट. चालेल, करा. आणि लाईट गेली तरी क्रमांक विसरायचा नाही, हेही मसुद्यात घाला. माझे डबे आत्ता दर रात्री शून्यापासून सुरू करतात.

अबोली_गोवा

नवा मसुदा मिळाला. लांबी जुळली, साधे निरोप दोन्हीकडून जाताहेत. आज रात्री चार बाइटांचा क्रमांक करते आणि पाच टक्के गळतीवर सकाळपर्यंत चालू ठेवते. वायरशार्कची फाइल उद्या इथे टाकते.